जुन्या कप्प्यातली चिठ्ठी

अमेरिकेतल्या डलुथच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होते. शेजारी तिथला कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणारी दोघं लॅपटॉप उघडून बसली होती, पिकल्या केसांची मारित आणि तरुण ड्वेन.

"नाव आणि त्याची माहिती, अशी जोडी असते. माहिती बदलावी, नाव नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

"पण मारितबाई, लग्नानंतर बायका आडनाव बदलतात. म्हणून मी प्रोग्राममध्ये नाव बदलायची सोय केली."

"मोठा परोपकारी! अरे, नावावरून कप्पा ठरतो. तू चिठ्ठीवरचं नाव खोडून नवं लिहिलंस, पण चिठ्ठी राहिली जुन्याच कप्प्यात."

"म्हणजे नव्या नावाने शोधलं तर..."

"कप्पा रिकामा. सकाळी अशीच आडनाव बदललेली एक बाई आली; तिला पेनिसिलिन चालत नाही आणि स्क्रीन म्हणते, ॲलर्जीची नोंद नाही."

"मग कळलं कसं?"

"तीच बोलली म्हणून. इंजेक्शन भरून झालं होतं."

"दुपारपर्यंत दुरुस्त करतो. कुणाला पत्ताही लागणार नाही."

"आणि दुपारपर्यंत जी येईल तिचं काय?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"नर्सला काय सांगू?"

"जे केलंस ते."

"तुम्ही येता बरोबर?"

"काउंटरपर्यंत येते. बोलायचं तू."

दोघं उठली, तेवढ्यात आतून हाक आली, "मिसेस लिंडक्विस्ट!"

बावन्न वर्षं झाली मला हे नाव लागून. मी आत गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच नर्सला म्हणाले, "बाळ, मला सल्फाची गोळी चालत नाही. लग्नाआधी एल्सी कोस्की होते ना, तेव्हापासून."