बावन्न भाग, तीन छत्र्या

सन्माननीय अध्यक्ष, मंचावर बसलेले वाहिनीचे मोठे साहेब, मालिकेचे दिग्दर्शक, कलाकार मंडळी आणि समोर बसून घड्याळ बघणारे रसिकहो,

आज तुमच्या मालिकेला निरोप. तिचे बावन्नच्या बावन्न भाग शेवटपर्यंत पाहणारं एकच घर, कोण काय बघतं ते मोजणाऱ्या तुमच्या यंत्राला सापडलं, ते आमचं. म्हणून हा गुच्छ आणि ही काचेची बाहुली मला दिलीत. आभारी आहे. पण चौथी शिकलेल्या बाईच्या हाती माइक देण्याआधी मालिका आवडली का, एवढं तरी विचारायचं होतंत!

नाही आवडली. भाऊ-बहिणीचं छत्र्यांचं दुकान. बावन्न भागांत तीन छत्र्या विकल्या, त्यातली एक परत आली. अंधार इतका, की भाऊ कोण आणि कपाट कोण, हे कळायला मला चार भाग लागले. बहीण एक प्रश्न विचारते, भाऊ दाराकडे बघतो. बघतोच. तेवढ्यात माझी भाजी निवडून, धुऊन, चिरून होते. पन्नासाव्या भागात बहीण मेली, तीही आम्हाला न दाखवता! दिग्दर्शक, रागावू नका. छत्रीची मोडलेली काडी बसवतानाचे तिचे हात मात्र खरे होते. तेवढं एक जमलं.

मग पाहिलीत कशाला, म्हणाल. मी कुठे पाहिली? आमच्या ह्यांनी पाहिली. छापखान्यात यंत्रावर जन्म गेला त्यांचा. घरात शिरायचे तेच बोलत. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. बोलायला शिकवणारी बाई येते. चांगली आहे, पण तिलाही पुढचं घर गाठायचं असतं. मी तर प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते. थांबतो कोण?

एका दुपारी बहिणीने विचारलं, "दार उघडं ठेवू का?" भाऊ गप्प. मी वाटाणे सोलत होते. बऱ्याच वेळाने आवाज आला, "नको." म्हटलं, बोलला एकदाचा मुडदा! वर बघते तर तो आपला दाराकडेच बघतोय. बोलले होते आमचे हे. पाच महिन्यांनी.

"काय म्हणालात?" मी ओरडले.

तर हात वर करून मलाच गप्प केलं. मालिका चालू होती ना!

तेव्हापासून तिच्या प्रश्नांना हेच उत्तरं देतात. भावाशी एकदाही पटलं नाही त्यांचं. बहीण मेली त्या दिवशी "कुठे गेली?" असं अख्खं वाक्य बोलले.

आणि मघाशी साहेब काय म्हणाले? सोमवारपासून मालिका पुन्हा दाखवणार, मधली शांतता कापून, बावन्नचे अठरा भाग करून. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, सवयीने. साहेब, हा रटाळपणा कुणालाच नको, मान्य. आमच्या घरी हवाय. ही बाहुली ठेवून घ्या आणि न कापलेले सगळे भाग मला पेनड्राइव्हवर भरून द्या. देणार ना?

नुसती मान नका हलवू, माइक घ्या.

"देतो, आजी."

कधी? आज? बघा, दिग्दर्शक स्वतःच उठून निघाले. या मालिकेतलं कुणीतरी पहिल्यांदाच भराभर चाललं!

बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मालिकेला रटाळ म्हटलं, ते मात्र मागे घेत नाही. बोलावलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. आता निघते. घरी जाऊन ही बातमी त्यांना सांगायची आहे, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत मला तोंड मिटून बसायचं आहे.