शिवप्पाच्या लाँचची जलसमाधी

शिवप्पाचं नाव काढू नका, चहा कडू होतो माझा. पत्रकारितेत माझ्या हाताखाली शिकलेला माणूस! नोकरी सोडली, कोकणातून भंगारात पडलेली सागवानी मोटरलाँच आणली आणि सोलापुरात घरामागे दोन वर्षं ती घासत बसला. वर जुनी वर्तमानपत्रं चाळून तिचा इतिहासही शोधला. कुठल्याशा गोऱ्या साहेबाची खाडीतली फिरती कचेरी होती म्हणे. सगळे त्याला संशोधक म्हणायला लागले. तीस वर्षं बातम्या मी खणल्या, मला कोणी म्हटलं का?

उजनी धरणाच्या काठाला लाँच पाण्यात उतरवली, तेव्हा मी हजर होतो. नारळ फुटला आणि थोड्याच वेळात तळातून पाणी वर आलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"शिवप्पा, बुडतीय की रे!"

"बुडू द्या की सर. लाकूड लई वाळलंय. पाणी पिऊन फुगलं की फटी आपोआप मिटतात."

"व्हय, व्हय," म्हणालो आणि तिथूनच बातमी धाडली: 'ऐतिहासिक लाँचला पहिल्याच दिवशी जलसमाधी'.

पुढच्या आठवड्यात बघतो तर लाँच आतून कोरडी ठणठणीत, पाहुण्यांना फिरवतेय. आणि आत माझ्या बातमीचं कात्रण, काचेच्या चौकटीत! शिवप्पा प्रत्येकाला सांगतो, "हिच्या इतिहासातलं हे ताजं पान. आमच्या सरांनी लिहिलंय."

पाणी शिरलं होतं की नाही? मग बातमी खरीच होती! आणि माझ्या उभ्या नोकरीत कुणी भिंतीवर लावलेली बातमी ती एकच.