बाबांचा सरळ डोळा

— नाही हो ताई, भिंतीवरचा नकाशा सरळच आहे, माउंट वाकडा कापलाय — माउंट म्हणजे चित्राभोवतीचा हा पांढरा पुठ्ठा. देशाच्या नकाशाला बसवला की सरहद्दीवरची चार-सहा गावं त्याच्याखाली जातात, इलाज नाही. एक निवृत्त हवालदार स्वतःचा नकाशा न्यायला आले, बघितलं आणि असे कडाडले — लढून राखलेली जमीन पुठ्ठ्याखाली घातलीस! म्हटलं, साहेब, पाव इंच तर आहे. म्हणे, आम्ही पाव इंचासाठीच लढलो. तेवढा पुठ्ठा दिला कापून. माझ्या नकाशाला ही एवढीच खाच का? काही नाही, सुरी घसरली. गाव दिसतंय त्यातून? असेल कुठलं तरी. मला गाव-बिव नाही. आणि गावाचं एवढं काय कौतुक हो — एक रस्ता, एक शाळा, एक पाण्याची टाकी, टाकीवर डाव्या बाजूनं चढायचं, उजवी शिडी सुटलीय — असो. सोडा बघू ते कागद. काय आणलंय?

काच फुटली होय. बघू... अरे देवा. बाबा.

मला? मला काय झालंय, स्टूल डुगडुगतं हे. ओळखतो म्हणजे — या बाबांना कोण ओळखत नाही? ते चकणे होते आणि तसबिरीत एका रात्रीत डोळा सरळ झाला, तेच ना? ऐकीव हो, सगळं ऐकीव. मागून उघडायची गरज नाही, वरूनच काच चिकटवून देतो. असं करत नाहीत? अहो, धंदा तुम्ही करता का मी?

बरं, ऐकलेलं सांगतो. त्यांच्या गावात एक फ्रेमवाला होता. बाबांचा जगात एकच फोटो, तो काच बदलायला त्याच्याकडे आला. त्यानं सोपवला मुलाला — मुलगा म्हणजे वीस वर्षांचा घोडा — आणि त्या घोड्यानं खळीचं भांडं नेमकं बाबांच्या तोंडावर उपडं केलं. पुसायला गेला तर नाकच निघून आलं! मग काय करेल बिचारा? गावात तेव्हा साधूचा सिनेमा लागला होता. नटाची तीच दाढी, तीच कफनी. थिएटरबाहेर लावलेला त्याचा फोटो उचकटून आणला आणि बसवला. डोळ्याचं मेलं लक्षातच आलं नाही माझ्या. दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीपुढं रांग — चमत्कार झाला म्हणून! माझी आई रांगेत पहिली. पुढं तोच नट टीव्हीवर केसांच्या तेलाची बाटली घेऊन नाचायला लागला, तर गावानं म्हणे पेट्याच्या पेट्या नेल्या, हा आपल्या बाबांसारखा दिसतो म्हणून. हसताय काय? आज कळेल, उद्या कळेल, वडिलांचं नाव मातीत जाईल — म्हणून निघालो. एकोणीस वर्षं झाली. आता कळलं ना तुम्हाला? जा, सांगा गावाला. नाहीतरी उघडल्यावर मागं जुना फोटो सापडणारच, टाकवला नाही मला.

थांबा, पालथी करतो. खिळे चार... आणि हा कागद कुणी लावला? मी घाईत पिवळा चिकटवला होता, कडाही कापल्या नव्हत्या. हा खाकी आहे. आणि कोपरे आत दुमडलेत, दोनदा. ताई, असे कोपरे एकच माणूस दुमडतो. मला कधी जमले नाहीत, त्यावरून रोज बोलणी खायचो. म्हणजे वडिलांनी उघडली होती! कधी? मी गेलो त्याच आठवड्यात? जुना फोटो बघितला, परत ठेवला, वरून कागद लावला — आणि एकोणीस वर्षं त्या नटापुढं हात जोडले? कुणाला बोलले नाहीत? अहो, त्यांचं स्वतःचं दुकान आहे तिथं, मग ही काच एवढ्या लांब का — हात? हात थरथरतात? मग माझा पत्ता कुणी — बघू ती चिठ्ठी. हं. अक्षरही थरथरतंय. आणि नुसता पत्ता. एक शब्द जास्त नाही लिहिणार, म्हातारा.

नाही, रडत नाहीये, काचेचा कण गेला. पावती-बिवती काही नाही. काच मी तिथं येऊन बसवीन, त्यांच्यासमोर, कोपरे बघू देत त्यांना. उठा तुम्ही, शटर ओढायचंय. गाडी कितीची आहे?