यादी एका पानात मावली

—नाही हो काका, परत घेतो की. न घ्यायला काय झालं? पाकीट फोडलेलं नाही, तारीख शिल्लक आहे — पावती नसली तरी चालेल, कार्डाच्या नंबरावरून काढतो मी, सगळं असतं यात. तुम्ही आत या. दार जरा ढकला, अडकतं ते. खिडकीवरच्या बाई आज लवकर गेल्या म्हणून मी बसलोय, एरवी मी मागच्या खोलीत असतो — मला माणसांशी बोलायची फारशी सवय नाही, तेव्हा काही कमीजास्त बोललो तर सांभाळून घ्या. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ही घ्या. काकूंच्या नावावर आहेत ना गोळ्या? बऱ्या आहेत ना काकू?

अरेरे. कधी पडल्या? परवा? मोरीत? — हां, उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लागलं का फार? हाड शाबूत आहे हे एक बरं. आणि आता इथेच, स्त्री विभागात ठेवलंय? डॉक्टर काय म्हणतात? वय झालं, म्हणतात. ते तेच म्हणणार. रक्तदाब खाली खाली जातोय आणि का ते कळत नाही — असं म्हणाले? का ते कळत नाही, असं? ...नाही, काही नाही. पाकीट बघतोय. मागे बारीक अक्षरात बॅचचा नंबर असतो, चष्म्याशिवाय दिसत नाही. दिसला. हो, दिसला.

पाणी घेता? मी घेतो.

एक विचारू, काका? तुम्हाला इथून फोन आला होता का, मागच्या आठवड्यात? या गोळ्यांबद्दल? — नाही आला. येणार नाहीच. म्हणजे, यायला हवा होता. थांबा, नीट सांगतो. रक्तदाब उतरवायच्या या गोळीच्या एका बॅचमध्ये गडबड झाली, कारखान्यात. दुप्पट ताकदीची गोळी साध्या पाकिटात भरली गेली. कारखान्यानेच कळवलं, की हा नंबर ज्यांना ज्यांना दिलात त्यांना कळवा, परत मागवा. मग मोठे साहेब मागच्या खोलीत आले — ते कधी येत नाहीत, खोलीला वास येतो म्हणतात — आणि मला म्हणाले, यादी हवी, आत्ता हवी. आणि मी दिली. साहेबांचा चहा संपायच्या आत दिली. ‘वा!’ म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काकूंचं नाव त्या यादीत नव्हतं.

का नव्हतं, तेच सांगतोय. हे बघा, संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवतो. प्रत्येक आजाऱ्याचं एक रेकॉर्ड, आणि त्यात औषधांच्या बॅचचा एक रकाना. आमची ही पद्धत जुनी आहे, पण तिची गंमत अशी, की एकाच रकान्यात पाहिजे तितक्या गोष्टी मावतात. तुम्हाला एक औषध असेल तर एक नंबर, काकूंना पाच असतील तर पाचही त्याच रकान्यात, एकाखाली एक — एकत्र कुटुंबासारखे. आता यातून एखादा नंबर शोधायचा तर यंत्राला प्रत्येक रेकॉर्ड उघडून बघावं लागतं. अख्खी दुपार जाते. म्हणून आपण इंडेक्स करून ठेवतो — पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तसं. मग यंत्र सूची बघतं आणि क्षणात सांगतं. फक्त सूची करताना यंत्राला आधी सांगावं लागतं, की बाबा, या रकान्यात अनेक नंबर आहेत, प्रत्येक सुटा घे. नाही सांगितलं तर ते पाचही नंबर एका माळेत ओवतं आणि ती अख्खी माळ म्हणजे एकच नंबर समजतं. मग तुम्ही त्यातला एक विचारलात की म्हणतं, असा कुणी नाही. खोटं बोलत नाही ते. त्याच्या सूचीत असा कुणी नसतोच.

मी सांगितलं नव्हतं. ‘अनेक’च्या जागी ‘एक’ राहिलं. यंत्राच्या खुणेत एका अक्षराचा फरक असतो.

म्हणजे झालं काय, की ज्यांना ही एकच गोळी चालू होती ते सगळे सापडले. धडधाकट माणसं, चालत येतात, चालत जातात. आणि ज्यांना हिच्या जोडीला साखरेची, हृदयाची, झोपेची — जितका माणूस जास्त आजारी तितका तो यादीबाहेर. शोधून शोधून नेमकी तीच माणसं वगळावीत, तसं झालं. ठरवून कुणाला इतकं जमलं नसतं.

नाही, रागवा तुम्ही. तुम्ही रागवत नाही म्हणून मला जास्त अवघड होतंय. मी सारखा यंत्र, यंत्र म्हणतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. चूक कुणाच्या हातून होत नाही? होते. आणि शंका आली तर तपासायची सोपी रीत आहे. यंत्राला सांगायचं, सूचीकडे बघू नकोस, सरळ सगळी रेकॉर्डं चाळ. दोन्ही आकडे जुळले तर सूची ठीक, नाही जुळले तर सूची मोडायची आणि पुन्हा बांधायची. मी दुसऱ्यांना शिकवलंय हे. पण सगळी रेकॉर्डं चाळायला घेतली की खिडकीवरचं काम रखडतं, बाई ओरडतात, रांग ओरडते, साहेब विचारतात, आता काय चाललंय तुमचं? आणि साहेबांनी तर नुकतीच पाठ थोपटलेली. पुन्हा त्यांच्याकडे जाऊन म्हणायचं, थांबा, ती यादी —

आणि शंका नव्हतीच आली मला. यादी एका पानात मावली तेव्हा मी म्हटलं, चला, थोडक्यात निभावलं, फार लोकांना नाही गेली ती गोळी. कुणालाही असंच वाटलं असतं. ताईलासुद्धा मी तेच सांगितलं फोनवर — म्हटलं, थोड्याच लोकांना गेलीये, पण तू आपली टाकून दे, एकही घेऊ नकोस. ती म्हणाली, ‘अरे, मग मला तुमच्या ऑफिसातून फोन कसा नाही आला?’ मी म्हटलं, मी केला ना, मी काय ऑफिसातला नाही? तर हसायला लागली, म्हणे, ‘वशिल्याचा भाऊ आहे बाई माझा.’ लहानपणापासून अशीच आहे ती, काही बोललं की —

काय?

हो. माझी बहीण. सख्खी. तिलाही हीच गोळी चालू आहे — होती. आणखी दोन औषधं आहेत तिला.

नव्हतं. तिचंही नाव नव्हतं यादीत. मी यादी हातात आल्या आल्या आधी तिचं नाव शोधलं, दोनदा वरून खाली बघितलं, आणि फोन उचलला. बस. एवढंच केलं मी. तिला गोळी गेली होती हे मला ठाऊक, मीच पोचवली होती तिच्या घरी. आणि यादीत ती नाही. मग यादी चुकलीये हे कळायला आणखी काय लागतं, काका? काही नाही लागत. मला कळलं होतं. तिचा फोन ठेवला तेव्हा कळलं होतं. मग मी यादीच्या पक्क्या प्रतीवर सही केली, साहेबांकडे पाठवली, जेवायला गेलो. जेवलोही. पोळी गार झाली म्हणून कुरकुरलोसुद्धा.

हे मला सांगायचं नव्हतं तुम्हाला. अक्षराच्या चुकीपर्यंतच सांगणार होतो.

मघाशी तुम्ही बसलात तेव्हाच मी दुसऱ्या रीतीने शोध सुरू केलाय. सूची बाजूला ठेवून. ही बघा नावं यायला लागलीत. हा नंबर काकूंचा. ही खालची... थांबतच नाहीये. या सगळ्यांना आज फोन करायचेत, साहेबांना सांगून, न सांगून, कसेही. नोकरीचं बघू मग. पण निदान काकूंचं तरी आता — डॉक्टरांनी गोळी बंद केली हे फार बरं झालं, आपोआप उतरेल तिचा जोर, एकदोन दिवसांत —

बंद केली ना? तुम्ही परत करायला आलात म्हणजे बंदच केली असणार.

नाही?

मग हे पाकीट का आणलंत? — नर्स म्हणाल्या, एवढी लागणार नाहीत, एक पुरे. एक पुरे म्हणजे? म्हणजे दुसरं पाकीट तिथेच आहे? काकूंच्या उशाशी? आणि त्यातली देतायत — घरची औषधं चालू ठेवा, असं म्हणाले? सकाळी दिली? आणि संध्याकाळची कधी देतात? काका, आठवा. दिवे लावतात तेव्हा की जेवणाच्या आधी?

आणि मी तुम्हाला पाणी विचारत बसलो. इथे बसवून ठेवलं तुम्हाला, माझं मन हलकं करायला.

उठा. हे पाकीट मी घेत नाही, हे डॉक्टरांच्या हातात द्या, हा नंबर दाखवा, म्हणा दुप्पट ताकदीची आहे. मी फोन लावतोच आहे, पण फोन कोणी उचलेल न उचलेल, तुम्ही निघा. दार जोरात ओढा. मला काय बोलायचं ते नंतर येऊन बोला, मी इथेच असेन. जा म्हटलं ना काका, जा!

हॅलो — स्त्री विभाग? औषधभांडारातून बोलतोय. खाट नंबर नाही माहीत, परवा मोरीत पडलेल्या आजी... हो, त्याच. त्यांच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आहे, ते आधी उचला. संध्याकाळची गोळी दिलीत का?

फोनवरच आहे मी, ऐकतोय. बोला.