दहापैकी दहा

माझ्या धाकट्या नातीचं बारसं झालं, ते २०२३ साल. सौंसरच्या बस स्टँडवर अंगणवाडीच्या प्रमिलाताई आणि त्यांची सहायिका सोनाली माझ्या बाजूला बसल्या होत्या. दोघी लेकरांवरचे अत्याचार कसे ओळखायचे याचं ट्रेनिंग करून आल्या होत्या.

"ताई, परीचा मामा न्यायले आला का पोट्टी कोठीमागं लपते. मामा वाईट हात लावते, असं तिनं मले सांगतलं."

"चार वर्साच्या लेकराचं काय ऐकतं व? टीव्हीवर पाह्यलं असन."

"हे टीव्हीवर दाखवते?"

"दर शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाले जाते थो. सख्खा मामा आहे!"

"करणारा बहुतेक ओळखीचाच राह्यते, असं आत्ताच लिवलं ना तुमी पेपरात? दहापैकी दहा भेटले तुमाले!"

"पेपर वेगळा, गाव वेगळं."

"अन् उद्या थो न्यायले आला तर?"

"देऊन टाकायची. बाहेरचा थोडी आहे!"

"मी नाही देत. लेकरांच्या हेल्पलाइनले, १०९८ ले, फोन लावून राहिली."

"अंगणवाडीचं नाव खराब करतं काय?"

"करतो!"

बस आली. प्रमिलाताई चढल्या. सोनाली फोन कानाला लावून उभीच राहिली.

काका घरी आला की माझी बहीण वच्छला कणगीमागं लपायची. आई तिला ओढून बाहेर काढायची. १९६८ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती विहिरीत बुडून मेली. नऊ वर्षांची होती.