पहिल्या नंबराची पोर

मदन महल स्टेशनच्या बाकावर वामनरावांनी पुस्तक उघडलं होतं खरं, पण कान मात्र मागच्या बाकावरच्या दोघी शेजारणींकडे होते.

"सुहासदीदी, मिळाली! आमच्या मृणालला वाचन शिकवायला खास शिक्षिका मिळाली!"

"काहून व? दुसरीत पहिली आली न ती?"

"शाळेच्या मोठ्या मॅडमही हेच म्हणून राहिल्या होत्या. मी म्हटलं, परीक्षा सारी तोंडी. मी धडे वाचते, ती ऐकून पाठ करते. ते नव्वद टक्के माझ्या गळ्याचे आहेत, मॅडमजी!"

"मानलं त्यांनी?"

"कुठचं! टेबलावरचा अखबार तिच्यापुढे ठेवला. म्हणे, पढो बेटा."

"अच्छा! मग?"

"पोरीनं तो माझ्याच हातात दिला. म्हणते कशी, 'आई, आधी तू वाच न, मग मी वाचते!'"