पहिलं नाव उस्तादांचं

“आपा, तुम्ही किती प्रसिद्ध आहात?”

शाळेची सहल ताश्कंदच्या वनस्पती-रसायन संस्थेत गेली होती. दुपारी तिथल्या उपाहारगृहात पलोवच्या, म्हणजे मटण-भाताच्या, रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या तिथल्या शास्त्रज्ञ मस्तुरा आपांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. उत्तर दिलं ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने, शुहरतने.

“मला विचार, पोरी! तीस वर्षं प्रयोग केले यांनी, आणि जगभरच्या निबंधांत यांच्या नावाचे उल्लेख किती, तर सतरा!”

“शुहरत, लेकरांसमोर नको.”

“का नको? आता संस्थेत निबंधावरचं पहिलं नावच मोजतात, आपा. आणि तुम्ही प्रत्येक निबंधावर उस्तादांचं नाव पहिलं घालता.”

“माझे गुरू होते ते.”

“होते! आठ वर्षं झाली त्यांना जाऊन. तरी गेल्या वर्षी त्यांचे तीन निबंध आले. कबरीत प्रयोगशाळा थाटलीय का त्यांनी?”

“जीभ आवर.”

“यंदा तुमच्या नावावर एकही निबंध नाही. असंच राहिलं तर डिसेंबरात संस्था तुमची प्रयोगशाळा काढून घेईल, मग आवरतो. नवा निबंध कुठाय?”

“पिशवीत.”

“काढा. हे घ्या पेन.”

“रांग पुढे सरकलीय बघ.”

“आपा!”

“ओरडू नकोस. लिहिलं, बघ.”

“पहिलं तुमचं... आणि दुसरं उस्तादांचं? अहो, खोडा ना ते!”

“आज एवढंच जमतंय मला.”

संध्याकाळी जेवताना मी आईबाबांना सांगून टाकलं, “विज्ञान प्रदर्शनात सगळ्यांच्या प्रकल्पांवर मुख्याध्यापकांचं नाव पहिलं लागतं, पण यंदा माझ्या प्रकल्पावर नाही लागणार. माझं लागणार. उद्या मीच त्यांना सांगणार आहे.”